अंगठ्याचा ठसा म्हणजे संमती नव्हे

"खेड्यातील अडाणी बाईला संशोधन म्हणजे काय हे समजावून सांगत बसलो, तर नवे औषध निघावयाचे कधी?" हा युक्तिवाद आपल्या देशातील सुशिक्षित वर्गात वारंवार ऐकावयास मिळतो. तो करणारा मनुष्य दुष्टच असतो असे नाही. पुष्कळदा तो स्वतःस गोरगरिबांचा हितकर्ता समजत असतो. परंतु त्याच्या वाक्याचा सरळ अर्थ असा की, जिच्या शरीरावर प्रयोग व्हावयाचा तिला तो समजण्याचे कारण नाही. तिने अंगठा उठवावा, विचार शहाण्यांनी करावा. बंधु-भगिनींनो, ही भाषा आपल्या ओळखीची आहे. पाटलाच्या चावडीवर आणि सावकाराच्या ओट्यावर आपल्या वाडवडिलांना हेच सांगण्यात येत असे : "तुम्हाला यातले काय कळते? अंगठा करा." त्या अंगठ्यांनी जमिनी गेल्या. आता स्त्रीच्या गर्भाशयाचा प्रश्न आला असता तोच अंगठा पुन्हा पुढे ओढला जात असेल, तर गप्प बसणे हा अपराध होईल.

प्रस्तुत लेखात मला दोन गोष्टी मांडावयाच्या आहेत. स्त्रीच्या प्रजननासंबंधीच्या वैद्यकीय संशोधनात गरीब स्त्री प्रयोगाच्या रांगेत पहिली आणि ज्ञानाच्या फळाच्या रांगेत शेवटची उभी केली गेली आहे, ही पहिली. या बाबतीत आज कायदा तिच्या बाजूस आहे, परंतु मागितल्यावाचून तो तिच्या उपयोगी पडत नाही, ही दुसरी.

इतिहासाची साक्ष

ज्यास पाश्चात्त्य जगत पुष्कळ काळ स्त्रीरोगशास्त्राचा जनक म्हणून गौरवीत होते, तो डॉ. जेम्स मेरियन सिम्स अमेरिकेतील अलाबामा राज्यात राहत असे. बाळंतपणात झालेल्या जखमेमुळे ज्यांची लघवी सतत झिरपत राही, अशा स्त्रियांवर त्याने १८४५ ते १८४९ या काळात शस्त्रक्रियेचे प्रयोग केले. त्या स्त्रिया निग्रो गुलाम होत्या. अनार्का, लुसी आणि बेट्सी ही त्यांतील तिघींची नावे इतिहासास ठाऊक आहेत. एकट्या अनार्कावर सुमारे तीस वेळा शस्त्र चालले, तेही भूल न देता. शस्त्रक्रिया साधली, तिचा लाभ पुढे जगातील असंख्य स्त्रियांना झाला, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु गुलाम स्त्रीची संमती कोणी घ्यावयाची? तिच्या मालकाने दिली, आणि ती पुरेशी मानली गेली. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कजवळ उभा असलेला सिम्सचा पुतळा अखेर २०१८ च्या एप्रिलमध्ये हलविण्यात आला. या न्यायास दीडशे वर्षांहून अधिक काळ लागला.

गर्भनिरोधक गोळीची कथा अधिक जवळची आहे. डॉ. ग्रेगरी पिंकस व डॉ. जॉन रॉक या अमेरिकन संशोधकांनी तिची मोठी चाचणी १९५६ साली पोर्टो रिको बेटावर, सान हुआनजवळच्या रिओ पिएद्रास येथील गरीब वसाहतीत सुरू केली. त्या स्त्रियांना गर्भधारणा टाळावयाची होती. उपाय मिळतो आहे एवढेच त्यांना कळले. हा प्रयोग आहे, हे त्यांना सांगण्यात आले नाही. गोळीतील संप्रेरकांची मात्रा आपल्याकडील माला-डी सारख्या गोळीच्या कितीतरी पट होती. स्थानिक काम पाहणाऱ्या डॉ. एड्रिस राइस-रे यांनी शंभरातील सतरा स्त्रियांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी, वांत्या होतात असे कळविले, आणि एवढा त्रास देणारे औषध सर्वसामान्यांस मानवणारे नाही असा अभिप्राय दिला. तो अभिप्राय बाजूस सारला गेला. १९६० मध्ये गोळीस गर्भनिरोधक म्हणून अमेरिकेत मान्यता मिळाली.

आपल्या देशातही असेच घडले. १९८० च्या दशकात नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनच्या चाचण्या चालू असता, आंध्र प्रदेशातील पतनचेरू येथे स्त्रियांना पुरती माहिती दिली जात नाही असे हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेला आढळले, आणि १९८६ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. पुढे २००९ मध्ये आंध्रातील खम्मम व गुजरातेतील वडोदरा या जिल्ह्यांत १० ते १४ वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस टोचण्याचा प्रकल्प झाला. खम्मममधील अनेक मुली आदिवासी वसतिगृहांतल्या होत्या. संसदेच्या स्थायी समितीने २०१३ च्या अहवालात जे नोंदविले ते वकिलाच्या डोळ्यांनी वाचण्यासारखे आहे : आंध्रातील तपासलेल्या ९,५४३ संमतिपत्रांपैकी १,९४८ वर नुसते अंगठे होते आणि २,७६३ वर सह्या होत्या त्या वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या! आई-बाप हयात असता अधीक्षक मुलीचा पालक कोणत्या कायद्याने झाला? येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ही लस निरुपयोगी वा घातक आहे असे मी म्हणत नाही. ती उपयुक्त आहे, आणि त्या काळात झालेल्या मुलींच्या मृत्यूंचा लशीशी संबंध चौकशीत सिद्ध झालेला नाही. आक्षेप लशीला नाही, त्या सह्यांना आहे. औषध चांगले असले म्हणजे फसवून दिलेले चालते, हा न्याय आपण मान्य करावयाचा काय?

धाराशिवचा दाखला

आता आपल्या महाराष्ट्रातील दाखल्याकडे वळू, कारण प्रश्नाचे खरे स्वरूप येथे दिसते.

गर्भाशयमुखाचा कर्करोग हा वर्षानुवर्षे हळूहळू वाढणारा रोग आहे. तो होण्यापूर्वीची अवस्था साध्या तपासणीत दिसते व थोड्या उपचाराने बरी होते. डॉ. पापानिकोलाउ यांच्या नावाची पॅप चाचणी १९४० च्या दशकापासून जगास ठाऊक आहे. पाश्चात्त्य देशांनी ती सार्वत्रिक केली आणि तेथील मृत्यू झपाट्याने घटले. आपल्या देशात मात्र या रोगाने दर वर्षी पंचाहत्तर हजारांहून अधिक स्त्रिया दगावतात. त्यांतील बहुसंख्य कोणत्या घरांतल्या असतात, हे सांगावयास नको.

या पार्श्वभूमीवर, पूर्वी उस्मानाबाद म्हटल्या जाणाऱ्या धाराशिव जिल्ह्यातील ५२ ग्रामसमूहांत, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास १९९९ पासून करण्यात आला. चार गट पाडले. एका गटाची विषाणूसाठी एच.पी.व्ही. चाचणी झाली, दुसऱ्याची पॅप चाचणी, तिसऱ्याची व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी. चौथ्या गटातील ३१,४८८ स्त्रियांची कोणतीच चाचणी करण्यात आली नाही. त्यांना रोगाची माहिती दिली गेली आणि सोय कोठे आहे हे सांगितले गेले. पुढे त्यांचे काय होते याची नोंद ठेवण्यात आली.

निष्कर्ष २००९ साली जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. विषाणू चाचणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांत या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. न तपासलेल्या ३१,४८८ स्त्रियांत ६४. जवळजवळ दुप्पट. एकदा केलेल्या चाचणीने अर्धे मृत्यू टळू शकतात, हे सिद्ध झाले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतही १९९८ पासून अशीच चाचणी झाली : ७५,३६० स्त्रियांची दर दोन वर्षांनी तपासणी आणि ७६,१७८ स्त्रियांना केवळ माहिती. तपासलेल्या गटात मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. ही चाचणी अमेरिकन पैशावर चालली होती. तिच्या संमतिपत्रातून स्त्रियांना पुरेशी माहिती मिळत नव्हती, असा निष्कर्ष खुद्द अमेरिकन शासनाच्या संबंधित कार्यालयाने काढला.

प्रतिपक्षाचे म्हणणे

न्यायाची रीत अशी की, प्रतिपक्षाचे म्हणणे पुरते ऐकून घ्यावे. संशोधकांचे म्हणणे असे की, "या भागात आधी कोणतीच तपासणी होत नव्हती. चौथ्या गटाकडून आम्ही काही काढून घेतले नाही. भारतासारख्या देशात स्वस्त तपासणी चालते की नाही, याचा पुरावा नसता तर सरकारने योजना आखलीच नसती. त्या पुराव्याने पुढील लाखो स्त्रिया वाचतील."

यातील पहिल्या मुद्द्यास उत्तर सोपे आहे. २००० साली सुधारलेल्या हेलसिंकी जाहीरनाम्याने सांगितले होते की, नवी पद्धत तोलावयाची ती त्या वेळच्या उत्तम उपलब्ध पद्धतीशी. रोगाविरुद्ध उपाय जगास माहीत असता "येथे नव्हता" म्हणून तो न देणे, याचा अर्थ येथील गरिबी हेच मोजमाप धरणे. शहरातील श्रीमंत बाईला चाळिशीत पॅप चाचणी सुचविणारा डॉक्टर तिला असे कधी म्हणेल काय की, बाई, तुम्ही तुलनेच्या गटात आहात, तेव्हा आठ वर्षे थांबा? तिला जे म्हणता येत नाही, ते कळंब-भूमच्या शेतमजूर बाईला कसे म्हणता येते? जिला काही मिळत नाही तिच्यापासून काही हिरावले जात नाही, हा तर्क मान्य केला तर ज्याला विहिरीवर कधी पाणीच भरू दिले नाही त्याचे पाणी तोडले असे म्हणता येणार नाही!

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे, आणि तो पुराव्यानेच तपासावा. पुरावा तर मिळाला. पुढे काय झाले? तपासणीच्या मार्गदर्शक सूचना केंद्र सरकारने २०१६ मध्ये काढल्या. त्यानंतर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी अवघ्या १.९ टक्के स्त्रियांनी आयुष्यात एकदा तरी ही तपासणी करून घेतल्याचे आढळले. शंभरात जेमतेम दोघी! म्हणजे ज्या ज्ञानाची किंमत धाराशिवच्या आणि मुंबईच्या गरीब स्त्रियांनी मोजली, ते ज्ञान छापले गेले, परिषदांतून वाचले गेले, इतर देशांच्या धोरणात गेले; परंतु त्यांच्यासारख्या स्त्रियांच्या दारापर्यंत दहा-बारा वर्षांत आले नाही. "पुढील लाखो वाचतील" या वचनावर ज्यांनी त्या गटाचे समर्थन केले, त्यांनी त्या वचनाचा हिशेब द्यावयास नको काय? कर्ज घेणाऱ्याने फेड केली नाही तर त्यास आपण काय म्हणतो?

ज्ञान हवेच, परंतु कोणासाठी?

येवढ्यावरून कोणी असा समज करून घेईल की, संशोधन म्हणजे संकट. आपल्या बायकांनी त्यापासून दूर राहावे. तो समज चुकीचा व घातक होईल. प्रयोगात ओढले जाणे हा जसा अन्याय, तसाच अभ्यासातून वगळले जाणे हाही अन्याय. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९७७ साली मूल होऊ शकणाऱ्या वयाच्या स्त्रियांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळले, ते १९९३ पर्यंत. त्या काळात पुरुषांवर तपासलेली औषधे स्त्रियांनी घेतली. म्हणजे गर्भ रोखावयाचा असेल तेव्हा स्त्रीचे शरीर पाहिजे, आणि तिचे दुखणे समजून घ्यावयाचे असेल तेव्हा मात्र नको!

दुखणे समजून घेण्याचे काम कसे करावे, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. शंभरातील ९२ स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते. आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या शंभरात फक्त ८. तोपर्यंत जगातील आरोग्यधोरण खेड्यातील बाईकडे गर्भारपण आणि कुटुंबनियोजन या दोनच खिडक्यांतून पाहत होते. अंगावरून जाणे, पाळीचा त्रास, ओटीपोटातील दुखणे ही तिने सोसावयाची, असे गृहीत होते. या अभ्यासाने ते गृहीत मोडले. प्रश्न बाईच्या दुखण्यापासून सुरू झाला, म्हणून उत्तर तिच्या कामाचे निघाले.

असे ज्ञान जेथे पोहोचत नाही तेथे काय होते, ते बीड जिल्ह्यात दिसले. ऊसतोडणीस जाणाऱ्या स्त्रियांची २०१९ मध्ये सरकारी समितीने पाहणी केली. ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. पाळीचे दुखणे, खाडा झाला की कापली जाणारी मजुरी, फडावर ना पाणी ना आडोसा. आणि डॉक्टरकडे गेले की एकच सल्ला : पिशवी काढून टाका. दुखण्याचा शोध न घेता अवयवच काढून टाकावयाचा, यास वैद्यक म्हणावे की आणखी काही?

येथे थोडे आपल्या घरातही पाहिले पाहिजे. १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा प्रसार सरकारने करावा असा ठराव बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी मांडला होता. तो नामंजूर झाला, परंतु त्याचा गाभा स्त्रीचे आरोग्य आणि तिची इच्छा हा होता. तो गाभा आपण किती पाळतो? २०१९-२१ च्या त्याच पाहणीत स्त्री नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के आहे, पुरुष नसबंदीचे ०.३ टक्के, वस्तुतः पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी असूनही. संशोधनातही हाच भेद. पोर्टो रिकोपासून चार वर्षांत स्त्रीची गोळी बाजारात आली. आणि खरगपूरच्या आय.आय.टी.मधील डॉ. सुजॉय गुहा यांनी १९७० च्या दशकात पुरुषासाठी सुचविलेले इंजेक्शन चाळीस वर्षांहून अधिक काळ चाचण्यांतच राहिले. बाईच्या वतीने सही करणारा नवरा हाही अधीक्षकाचाच भाऊ होय.

कायदा काय सांगतो

स्वेच्छेची संमती ही मानवी प्रयोगाची पहिली व अपरिहार्य अट आहे, हे तत्त्व नाझी डॉक्टरांच्या खटल्यानंतर १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेने घालून दिले. आपल्या घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्यात स्त्रीचा प्रजननविषयक निर्णयाचा हक्क येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सुचिता श्रीवास्तव प्रकरणात सांगितले.

त्याआधी २००८ च्या जानेवारीत त्याच न्यायालयाने दिलेला एक निकाल प्रत्येक घरात माहीत असावा. ४४ वर्षांची एक स्त्री अतिरक्तस्रावाच्या तक्रारीसाठी दिल्लीत डॉक्टरकडे गेली. तिने दुर्बिणीतून तपासणी करण्यास संमती दिली. ती भुलेखाली असता डॉक्टरने बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय व अंडाशये काढून टाकली. न्यायालयाने ठरविले की, सज्ञान व विचारक्षम स्त्रीच्या वतीने आईचीसुद्धा संमती चालत नाही, आणि तपासणीस दिलेली संमती ही शस्त्रक्रियेची संमती होत नाही. आईची चालत नाही तेथे सासूची, नवऱ्याची किंवा अधीक्षकाची कोठून चालणार?

औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ चे नियम आहेत. त्यांनुसार माहिती व संमतिपत्र त्या व्यक्तीस समजणाऱ्या भाषेत हवे. निरक्षर असल्यास निःपक्षपाती साक्षीदार हजर हवा. चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येते. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व नुकसानभरपाई, मृत्यू झाल्यास वारसांस भरपाई द्यावी लागते. चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही २००७ पासून इंटरनेटवर सर्वांस खुली आहे. आपल्या शिकलेल्या मुला-मुलींनी ती उघडून पाहावी.

आपण काय करावे

सबब, घरी, दवाखान्यात वा वस्तीत कोणी तपासणीचा, इंजेक्शनचा किंवा अभ्यासाचा कागद पुढे केला, तर अंगठा वा सही करण्यापूर्वी स्त्रीने पुढील प्रश्न स्वतः विचारावेत :

१. हा माझ्या दुखण्यावरचा उपचार आहे की संशोधन आहे?

२. मला काय देणार, आणि मला न देता दुसऱ्या कोणाला काही देणार आहात काय?

३. या रोगावर आज माहीत असलेला उत्तम उपाय कोणता, आणि तो मला मिळेल काय?

४. याने मूल होण्यावर, पाळीवर, अंगावर काय परिणाम होईल?

५. नाही म्हटले तर माझा नेहमीचा उपचार चालू राहील ना?

६. इजा झाली तर जबाबदार कोण? नैतिकता समितीचा पत्ता काय? आणि या कागदाची प्रत माझ्या हाती केव्हा देता?

प्रत घेतल्यावाचून उठू नये. उत्तर टाळणाऱ्याच्या कागदावर सही करू नये. उत्तर प्रामाणिक असेल आणि पटले तर बेशक भाग घ्यावा; आपल्या लेकींच्या रोगांचा शोध लागला पाहिजे आणि त्यात आपला वाटा असणे अभिमानाचे आहे. हे प्रश्न महिला मंडळात मोठ्याने वाचून दाखवावेत, म्हणजे जिला अक्षर येत नाही तिलाही ते पाठ होतील. निरक्षर असणे म्हणजे निर्बुद्ध असणे नव्हे. जी बाई बाजारात दहा जिनसांचा हिशेब तोंडी करते, तिला हे सहा प्रश्न कळत नाहीत असे म्हणणाऱ्याने तिला कधी विचारूनच पाहिलेले नाही.

शासनाकडे आपली मागणी एकच असावी. ज्या वस्तीतील स्त्रियांच्या शरीरातून जे ज्ञान निघाले, ते ज्ञान उपचाराच्या रूपाने सर्वांआधी त्या वस्तीस परत मिळाले पाहिजे. धाराशिवच्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि मुंबईच्या त्या प्रत्येक झोपडपट्टीत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी मोफत, नियमित आणि सन्मानाने झाली पाहिजे. ही भिक्षा नव्हे. त्या चौसष्ट स्त्रियांचे हे येणे आहे, आणि ते वसूल करणे जिवंत असणाऱ्यांचे काम आहे.